एखादं रसायन त्वचेला ॲलर्जी देईल का, हे प्राण्यांशिवाय कसं ठरवतात

नवं सुगंधी द्रव्य, क्रीममधलं नवं प्रिझर्वेटिव्ह किंवा केसांच्या रंगातला नवा घटक बाजारात आणायचा तर उत्पादकाला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: यामुळे लोकांच्या त्वचेला ॲलर्जी होईल का? पूर्वी हे उत्तर गिनिपिग आणि उंदीर देत. आता ते काचेच्या कुपीतले पेप्टाइड (प्रथिनाचे छोटे तुकडे), प्लेटमध्ये वाढवलेल्या मानवी पेशी आणि संगणकातला रेणूचा आराखडा मिळून देतात.

रसायन सुरक्षित आहे का, हा प्रश्न खरं तर फार मोठा आहे. त्यात कॅन्सर येतो, गर्भावरचा परिणाम येतो, यकृत, डोळे, नदीतले मासे, सगळंच येतं. प्रत्येकाची चाचणी वेगळी आणि प्रत्येकाची प्रगतीही वेगळी. त्वचेच्या ॲलर्जीचा विषय इथे मुद्दाम निवडला आहे, कारण प्रयोगशाळा आणि संगणक यांची सांगड कशी घालायची याचे पक्के नियम याच विषयात आधी ठरले. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये काढलेली ४९७ क्रमांकाची मार्गदर्शिका म्हणजे हे नियम. ते समजले की ‘टेस्टेड’, ‘सेफ’ अशा शब्दांमागे नेमकं काय असतं आणि काय नसतं, हे नीट दिसायला लागतं.

जळजळ वेगळी, ॲलर्जी वेगळी

डिटर्जंटने किंवा ॲसिडने हात चुरचुरतात ती जळजळ. ती पहिल्याच वेळी होऊ शकते, मात्रा पुरेशी असेल तर कोणालाही होते आणि संपर्क थांबला की हळूहळू शमते. ॲलर्जीत पहिल्या संपर्काच्या वेळी बाहेर बहुधा काहीच दिसत नाही. आत मात्र रोगप्रतिकार यंत्रणा त्या पदार्थाची ओळख पक्की करून ठेवते. पुढे तोच पदार्थ अगदी थोडा लागला तरी एक-दोन दिवसांत खाज, लाली, पुरळ, पाणी भरलेले फोड उठतात. ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही, म्हणून ती मुळात होऊच नये यासाठी एवढी धडपड करावी लागते.

आपल्याकडे उदाहरणांची कमी नाही. टिकलीच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल कपाळावर पुरळ आणतं, काही जणींच्या कपाळावर पांढरा डागही ठेवून जातं. नकली दागिन्यांतल्या निकेलने कानाच्या पाळ्या चिघळतात. केसांच्या रंगातलं आणि ‘काळ्या मेंदी’तलं पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायमिन, जगातल्या सर्वांत परिचित ॲलर्जीकारकांपैकी एक आहे. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यात नोंद झालेलं आणि नंतर देशभर पसरलेलं काँग्रेस गवत शेतकऱ्यांच्या चेहऱ्या-मानेची कातडी जाड आणि काळपट करून टाकतं. बिब्बा उतला की काय होतं हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा लहान रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरू शकतात. पण एवढा लहान रेणू एकटा असेल तर रोगप्रतिकार यंत्रणेला तो दिसतच नाही. त्याने त्वचेतल्या एखाद्या प्रथिनाशी पक्का रासायनिक बंध बांधला, की ते बदललेलं प्रथिन परकं ठरतं. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, धोक्याचे संकेत सोडतात. तिसरीत पहारेकरी पेशी, म्हणजे डेंड्रिटिक पेशी, जाग्या होऊन तो बदललेला तुकडा जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. चौथीत त्या ग्रंथीत टी-पेशींची संख्या झपाट्याने वाढते आणि ओळख कायमची होते. ओईसीडीने २०१२ मध्ये ही साखळी पायरीपायरीने मांडली. एकदा पायऱ्या कळल्या, की अख्ख्या प्राण्याऐवजी एकेक पायरी वेगळी काढून तपासता येते. पुढचं सगळं या एका कल्पनेवर उभं आहे.

उंदरावरची जुनी चाचणी चौथी पायरी मोजायची. उंदराच्या दोन्ही कानांच्या मागच्या बाजूला २५-२५ मायक्रोलिटर द्रावण सलग तीन दिवस लावायचं, सहाव्या दिवशी किरणोत्सारी थायमिडिन टोचायचं आणि काही तासांनी कानाजवळच्या लसिका ग्रंथी काढून पेशी किती वाढल्या ते मोजायचं. वाढ नुसतं द्रावक लावलेल्या उंदरांच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर रसायन ॲलर्जीकारक. पद्धत चांगलीच होती, पण तिचं उत्तर म्हणजे अंतिम सत्य, असं समजणं चूक आहे. सोडियम लॉरिल सल्फेट माणसात जळजळ करतं, ॲलर्जी सहसा करत नाही. या चाचणीत मात्र ते पॉझिटिव्ह येतं. निकेलचं उलटं. माणसात ते ॲलर्जी करतं, उंदराच्या चाचणीत निसटतं. माणसाच्या पेशींवरचा टीएलआर-४ नावाचा ग्राहक निकेलला पकडतो. उंदराच्या त्याच ग्राहकात निकेलला धरणारी जागाच नाही.

आधी संगणक

व्यवहारात काम संगणकापासून सुरू होतं, कारण त्याला रसायनाचा एक ग्रॅमही लागत नाही. रेणूची रचना एका ओळीत लिहिण्याची स्माइल्स नावाची पद्धत आहे. ती ओळ प्रणालीत टाकली की प्रणाली रेणूत धोक्याच्या खुणा शोधते. कोणते अणुगट प्रथिनातल्या सिस्टीन किंवा लायसीन या अमिनो आम्लांना चिकटतात हे रसायनशास्त्राला चांगलं माहीत आहे. दालचिनीच्या तेलातल्या सिनॅमाल्डिहाइडमध्ये अल्डिहाइडला लागूनच दुहेरी बंध असतो. सिस्टीनचा गंधक थेट त्या बंधावर येऊन बसतो. काँग्रेस गवतातल्या पार्थेनिनमध्ये लॅक्टोन वलयाला लागून असाच उघडा दुहेरी बंध आहे. एक मसाल्यातला रेणू, दुसरा तणातला, पण प्रथिनाला पकडण्याची दोघांची रीत एकच. संगणक नेमकं हेच साम्य हेरतो.

मार्गदर्शिका ४९७ मध्ये दोन प्रणाली बसवल्या आहेत. डेरेक नेक्सस ही तज्ज्ञांच्या नियमांवर चालणारी, विकत घ्यावी लागणारी. ओईसीडीचा क्यूसार टूलबॉक्स मोफत आहे. टूलबॉक्स रचनेने जवळची, आधी तपासलेली रसायनं शोधतो आणि त्यांच्या निकालांवरून नव्याचा अंदाज बांधतो. हवेत किंवा त्वचेत गेल्यावर रेणूचं काय होईल याचाही तो अंदाज घेतो, आणि ही सोय फार महत्त्वाची आहे. अत्तरांतलं लिनालूल किंवा लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन ताजं असताना जवळपास निरुपद्रवी असतं. बाटली उघडी राहिली, हवेतला ऑक्सिजन लागला, की त्यांची हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात आणि ती चांगलीच ॲलर्जीकारक असतात. आराखड्यात फक्त ताजा रेणू तपासला तर हा धोका दिसणारच नाही.

संगणकाच्या चुका बहुतेक वेळा साध्या असतात. क्षाराची रचना टाकताना सोबतचा आयन तसाच राहून जातो. पदार्थ खरं तर पाच घटकांचं मिश्रण असतो आणि रचना मात्र मुख्य घटकाचीच दिली जाते. दोन टक्के अशुद्धी कोणी मोजतच नाही, आणि ॲलर्जी त्या अशुद्धीचीच असू शकते. पण सर्वांत मोठी चूक आवाक्याबाहेरच्या रेणूची. प्रत्येक मॉडेल ठरावीक रसायनांवर बेतलेलं असतं. त्यांच्यासारखा नसलेला रेणू दिला तरी ते काहीतरी उत्तर देतंच. म्हणून रेणू मॉडेलच्या आवाक्यात आहे की नाही हे आधी तपासायचं, आणि नसेल तर आलेलं उत्तर बाजूला ठेवायचं. ‘धोक्याची खूण सापडली नाही’ या वाक्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा: खूण सापडली नाही.

कुपीतली चाचणी: डीपीआरए

पहिली पायरी, प्रथिनाला चिकटणं, तपासायला ना प्राणी लागतो ना पेशी. डीपीआरए ही चाचणी ते काम करते. सात अमिनो आम्लांचे दोन कृत्रिम पेप्टाइड घेतात; एकात सिस्टीन, दुसऱ्यात लायसीन. दोन्हींचं ०.६६७ मिलिमोलर द्रावण करतात, सिस्टीनसाठी पीएच ७.५ चा फॉस्फेट बफर आणि लायसीनसाठी पीएच १०.२ चा अमोनियम ॲसिटेट बफर.

तपासायचं रसायन १०० मिलिमोलर ताकदीचं करतात, शक्यतो ॲसिटोनायट्राइलमध्ये. सिनॅमाल्डिहाइडचा रेणुभार १३२.१६, म्हणजे एका मिलिलिटरला १३.२ मिलिग्रॅम. शुद्धता ९५ टक्के असेल तर वजन त्या प्रमाणात वाढवायचं, हे अनेकदा राहून जातं. मग सिस्टीनच्या कुपीत ७५० मायक्रोलिटर पेप्टाइड, २०० ॲसिटोनायट्राइल आणि ५० मायक्रोलिटर रसायन. लायसीनच्या कुपीत ७५० पेप्टाइड आणि २५० रसायन. हिशेब केला तर दोन्हींत पेप्टाइड ०.५ मिलिमोलर पडतं, आणि रसायन सिस्टीनच्या दहापट, लायसीनच्या पन्नासपट. प्रत्येकाच्या तीन कुप्या. अंधारात, २५ अंशांवर, २४ तास.

दुसऱ्या दिवशी एचपीएलसी यंत्रावर २२० नॅनोमीटरला किती पेप्टाइड शिल्लक आहे ते मोजतात. जेवढं घटलं तेवढं रसायनाने पकडलं असं धरतात. सिस्टीन आणि लायसीन यांच्या घटीची सरासरी ६.३८ टक्क्यांहून जास्त असेल तर निकाल पॉझिटिव्ह. २२.६२ पर्यंत क्रियाशीलता कमी, ४२.४७ पर्यंत मध्यम, त्यावर जास्त. प्रत्येक फेरीत ओळखीचं ॲलर्जीकारक म्हणून सिनॅमाल्डिहाइड सोबत चालवावंच लागतं. त्याने सिस्टीन किमान ६०.८ टक्के आणि लायसीन ४०.२ ते ६९ टक्के घटवलं नाही, तर त्या फेरीतलं नव्या रसायनाचं उत्तर कितीही सुबक असलं तरी फेकून द्यायचं.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे विद्राव्यता. लायसीनच्या कुपीत रसायनाची मात्रा मोठी असते. तेलकट पदार्थ पाण्याच्या बफरमध्ये पडताच कुपी गढूळ होते किंवा तळाशी साका बसतो. पेप्टाइडपर्यंत पोहोचलंच नाही तर ते घटणार कसं? म्हणून मिसळल्यावर लगेच आणि २४ तासांनी, दोन्ही वेळा कुपी उजेडात धरून पाहायची आणि जे दिसलं ते लिहून ठेवायचं. साका असलेल्या कुपीतला पॉझिटिव्ह चालतो. निगेटिव्ह चालत नाही.

दुसरं, सिस्टीनचे दोन रेणू आपसातच जोडले जातात. रसायन ऑक्सिडीकरण करणारं असेल तर ते हा जोड घडवून आणतं, पेप्टाइड घटलेलं दिसतं आणि रसायनाने ते पकडलं असा भास होतो. तिसरं, रसायनाचा स्वतःचा आलेख पेप्टाइडच्या शिखरावर येऊन बसतो. त्यासाठी तोच नमुना २५८ नॅनोमीटरलाही मोजतात आणि दोन्हींचं गुणोत्तर पेप्टाइडच्या नेहमीच्या गुणोत्तराच्या ९० ते ११० टक्क्यांत आहे का ते पाहतात. धातूंसाठी ही चाचणी नाहीच, कारण निकेलसारखे धातू प्रथिनाशी वेगळ्या प्रकारे जोडले जातात. आणि जे रेणू त्वचेतल्या विकरांनी बदलल्यावरच घातक होतात, ते या कुपीत निसटतात, कारण कुपीत विकरं नाहीत. पीपीडी मात्र इथे सापडतं. त्याला विकर लागत नाही, हवेने ते आपोआपच बदलतं.

पेशींच्या दोन चाचण्या

दुसऱ्या पायरीसाठी केराटिनोसेन्स. मानवी त्वचेच्या पेशींत चकाकणारं ल्युसिफरेज बनवणारं जनुक बसवलेलं असतं. पेशीतल्या कीप-१ या प्रथिनाच्या सिस्टीनला रसायन चिकटलं, की त्याने अडवून ठेवलेलं एनआरएफ-२ सुटतं, केंद्रकात जातं आणि ते जनुक चालू करतं. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खड्ड्यात १०,००० पेशी, एक दिवसाने ०.९८ ते २००० मायक्रोमोलरपर्यंत बारा मात्रा, मग ४८ तास. प्रकाश दीडपट किंवा जास्त वाढला, तो मात्रेनुसार वाढला, १००० मायक्रोमोलरच्या आत वाढला आणि त्या मात्रेला ७० टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत होत्या, तर पॉझिटिव्ह. एका फेरीवर भागत नाही. दोन स्वतंत्र फेऱ्या जुळाव्या लागतात, न जुळल्यास तिसरी.

प्लेट झाकायला चिकट पारदर्शक पडदा लागतो. हे क्षुल्लक वाटेल, पण सुगंधी द्रव्यं उडून शेजारच्या खड्ड्यात जातात. तसं झालं की कोऱ्या खड्ड्यातही प्रकाश वाढतो आणि सगळा हिशेब फिसकटतो. या चाचणीची मर्यादा तिच्या रचनेतच आहे: कीप-१ मधले सिस्टीन हा तिचा सापळा. फक्त लायसीनला चिकटणारी रसायनं, उदाहरणार्थ काही ॲसिड ॲनहायड्राइडं, तिच्या हातून सुटू शकतात.

तिसऱ्या पायरीसाठी एच-क्लॅट. डेंड्रिटिक पेशी प्रयोगशाळेत टिकवणं अवघड, म्हणून त्यांच्या जागी टीएचपी-१ नावाच्या ल्युकेमियातल्या पेशी वापरतात. आधी ज्या मात्रेला ७५ टक्के पेशी जिवंत राहतात ती मात्रा काढायची. तिच्या १.२ पटीपासून सुरुवात करून, दर वेळी १.२ ने भागत खाली येत आठ मात्रा करायच्या. २४ तासांनी पेशींच्या पृष्ठभागावरची सीडी-८६ आणि सीडी-५४ ही दोन चिन्हं फ्लो सायटोमीटरवर मोजायची. सीडी-८६ रसायन न दिलेल्या पेशींच्या १५० टक्के किंवा सीडी-५४ २०० टक्क्यांवर गेलं, आणि निम्म्याहून अधिक पेशी जिवंत असल्या, तर पॉझिटिव्ह.

इतक्या जवळजवळच्या मात्रा कशासाठी? कारण पेशी सर्वांत बोलक्या होतात त्या थोड्या त्रासात असताना. मात्रा फार कमी ठेवली तर त्या गप्प राहतात, फार वाढवली तर मरतात. मधली पट्टी अरुंद आहे, आणि ७५ टक्क्यांची मात्रा काढताना हात चुकला तर पुढच्या आठही मात्रा पट्टीच्या बाहेर पडतात. टीएचपी-१ पेशीही नाजूक मिजाशीच्या. त्या फार दाट वाढू दिल्या, किंवा दोन महिन्यांपलीकडे चालवल्या, तर त्यांचा प्रतिसाद बदलतो. म्हणून गोठवलेल्या पेशी बाहेर काढल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी त्यांची परीक्षा घ्यायची: डीएनसीबी (एक ओळखीचं तीव्र ॲलर्जीकारक) आणि निकेल सल्फेटला त्यांनी हो म्हणायला हवं, लॅक्टिक ॲसिडला नाही.

तीनपैकी दोन, आणि काठावरचे निकाल

आता तीन चाचण्यांची तीन उत्तरं हाती आहेत. मार्गदर्शिकेतली सर्वांत साधी रीत अशी: ज्या बाजूला दोन उत्तरं, तो निकाल. सुरुवातीच्या दोन चाचण्या जुळल्या तर तिसरी करायचीही गरज नाही. तिन्ही चाचण्या साखळीच्या वेगवेगळ्या पायऱ्या पाहतात आणि वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. त्यामुळे दोघी एकाच वेळी, एकाच दिशेने चुकण्याची शक्यता कमी होते.

पण बहुमत मोजण्याआधी प्रत्येक मताची पारख करावी लागते. समजा, डीपीआरएत सिस्टीन ९ टक्के घटलं, लायसीन ३. सरासरी ६. नियमाप्रमाणे ६.३८ च्या खाली, म्हणजे निगेटिव्ह. पण तोच प्रयोग उद्या केला तर ६.९ येऊ शकतं, कारण मोजमापात तेवढा चढउतार असतोच. म्हणून मार्गदर्शिकेने काठाची पट्टी आखली आहे: डीपीआरएसाठी ४.९५ ते ८.३२ टक्के, केराटिनोसेन्ससाठी १.३५ ते १.६७ पट, एच-क्लॅटच्या सीडी-८६ साठी १२२ ते १८४ टक्के आणि सीडी-५४ साठी १५७ ते २५५ टक्के. उत्तर या पट्टीत पडलं तर फेरी पुन्हा. तरीही पट्टीतच राहिलं तर ते मत बाद. उरलेल्या दोघी जुळल्या तर निकाल लागतो. त्या भांडल्या तर अहवालात ‘निष्कर्ष नाही’ असं लिहायचं. हे लिहायला अनेकांना जड जातं, ग्राहकाला तर नकोच असतं. पण या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत प्रामाणिक शब्द तोच आहे.

बिब्ब्याचं उदाहरण घ्या. त्यातले भिलावॅनॉल हे कॅटेकॉल असतात, आणि त्यांना पंधरा कार्बनची लांब शेपटी असते. शेपटीमुळे ते तेलात सहज आणि पाण्यात जवळपास न विरघळणारे. तेलकटपणा मोजणारा लॉग-पी हा आकडा ३.५ च्या वर असेल तर एच-क्लॅटचा निगेटिव्ह निकाल ग्राह्यच धरत नाहीत, कारण रसायन पेशींपर्यंत पोहोचलं याची खात्री नसते. भिलावॅनॉलचा आकडा त्याच्या कितीतरी वर आहे. अशा रेणूला डीपीआरएत साका आणि एच-क्लॅटमध्ये निगेटिव्ह आला, तर वरवर पाहणारा दोन निगेटिव्ह मोजून ‘ॲलर्जीकारक नाही’ लिहून मोकळा होईल. प्रत्यक्षात हाताशी एकही वैध मत नाही. इथे संगणक कामाला येतो: कॅटेकॉल ऑक्सिडीकरणाने क्विनोन बनतं आणि क्विनोन प्रथिनाला घट्ट धरतं, ही खूण विद्राव्यतेवर अवलंबून नसते.

हो-नाहीच्या पलीकडे ताकद ठरवायची तर गुणांची रीत आहे. डीपीआरएला क्रियाशीलतेनुसार ० ते ३ गुण. एच-क्लॅटला, किती कमी मात्रेला पेशी जाग्या झाल्या त्यावरून: १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत ३, १५० पर्यंत २, ५००० पर्यंत १, झाल्याच नाहीत तर ०. संगणकाचा पॉझिटिव्ह १ गुण. बेरीज ६ किंवा ७ असेल तर तीव्र ॲलर्जीकारक, म्हणजे १-ए गट. २ ते ५ असेल तर १-बी, म्हणजे त्याहून सौम्य. ० किंवा १ असेल तर वर्गीकरण नाही. संगणकाला सातपैकी एकच गुण, हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्याच्यावर विश्वास आहे, पण तेवढाच.

धोका कळला, आता किती चालेल?

ॲलर्जीकारक ठरलेलं प्रत्येक रसायन बंद करावं लागत नाही. प्रश्न मात्रेचा असतो, आणि त्वचेच्या ॲलर्जीत मात्रा शरीराच्या वजनावर मोजत नाहीत, तर त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर किती पडलं त्यावर मोजतात. युरोपच्या वैज्ञानिक समितीच्या आकड्यांनुसार एक जण दिवसाला बॉडी लोशन ७.८२ ग्रॅम लावतो, सुमारे १५,६७० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम. रोल-ऑनसारखा डिओडरंट दीडच ग्रॅम, पण काखेच्या २०० चौरस सेंटिमीटरवर: ७.५ मिलिग्रॅम. दोन्हींत एकच प्रिझर्वेटिव्ह १०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १०० भाग, घातलं तर लोशनमधून त्वचेवर ०.०५ मायक्रोग्रॅम पडतं आणि डिओडरंटमधून ०.७५. बाटलीवरची टक्केवारी तीच, त्वचेवरचा भार पंधरापट.

समजा एखाद्या रसायनाची ॲलर्जी न करणारी मात्रा ५० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर आहे. माणसामाणसांतला फरक, काखेसारखी पातळ आणि घामट त्वचा, रोजचा वापर, यासाठी तिला १०० ने भागलं तर परवानगी ०.५ ची. लोशन त्यात बसतं, डिओडरंट नाही.

हा हिशेब चुकला तर काय होतं हे युरोपने मिथाइलआयसोथायाझोलिनोन, म्हणजे एमआय, या प्रिझर्वेटिव्हच्या बाबतीत भोगलं. आधी ते क्लोरिनयुक्त भावंडासोबत तीनास एक प्रमाणात, एकूण १५ पीपीएमपर्यंत वापरलं जाई. त्यात एमआयचा वाटा जेमतेम ३.७५ पीपीएम. भावंड जास्त जहाल, एमआय त्या मानाने सौम्य, म्हणून २००५ मध्ये प्रसाधनांत ते एकटं १०० पीपीएमपर्यंत वापरायला परवानगी मिळाली. त्याची ॲलर्जीकारकता लपलेली नव्हती. प्रयोगशाळेने ती सांगितली होती. चुकला तो संपर्काचा अंदाज. ओले वाइप्स, क्रीम, शाम्पू, भांडी घासायचा द्रव, भिंतीचा रंग, सगळीकडून तेच रसायन त्याच माणसापर्यंत पोहोचत होतं. काही वर्षांत युरोपभरच्या त्वचारोग दवाखान्यांत पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून केलेली ॲलर्जीची तपासणी) पॉझिटिव्ह येणाऱ्यांची रीघ लागली. २०१३ मध्ये वैज्ञानिक समितीने सांगितलं, की त्वचेवर ठेवायच्या प्रसाधनांत याची कोणतीच सुरक्षित मात्रा दाखवता आलेली नाही. २०१७ मध्ये अशा प्रसाधनांत त्यावर बंदी आली, आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत २०१८ पासून मर्यादा १५ पीपीएमवर आणली गेली. वाईट इतकंच, की ज्यांना त्या काळात ॲलर्जी जडली त्यांची ती नियम बदलून जात नाही.

अहवाल हातात आला तर

भारतात प्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांना २०१४ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची आयातही थांबवण्यात आली. त्यामुळे छोट्या उत्पादकाच्या टेबलावरही आता हेच अहवाल येतात. प्रयोगशाळा जीएलपी प्रमाणित असेल, म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या प्राधिकरणाने तिची कार्यपद्धती तपासलेली असेल, तर तिचा अहवाल मार्च २०११ पासून ओईसीडी देशांतही स्वीकारला जातो. प्रमाणपत्र मात्र काम शिस्तीत झालं एवढंच सांगतं. ती चाचणी त्या रसायनाला लागू होती का, हे वाचणाऱ्याने पाहायचं.

पहिल्या पानावरचा निकाल वाचण्याआधी चार गोष्टी शोधाव्यात. तपासलेला नमुना तुम्ही प्रत्यक्षात खरेदी करणार त्याच शुद्धतेचा आहे का. पुरवठादार बदलला की अशुद्धी बदलते. रसायन कोणत्या द्रावकात किती विरघळलं, आणि साका दिसला का. त्याच फेरीतल्या सिनॅमाल्डिहाइडचे किंवा डीएनसीबीचे आकडे ठरल्या मर्यादेत आहेत का. आणि निकाल काठाच्या पट्टीत होता का, असल्यास किती फेऱ्या झाल्या. नैसर्गिक अर्काचा अहवाल असेल तर आणखी एक. अर्काला एक ठरावीक रेणुभार नसतो, मग मात्रा काढली कशी? वजनावर काढली असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि अशा अहवालातला निगेटिव्ह एका शुद्ध रसायनाच्या निगेटिव्हइतका वजनदार धरू नये. अर्कातला एक टक्का असलेला ॲलर्जीकारक बाकीच्या नव्व्याण्णव टक्क्यांत सहज झाकला जातो.